पूर ओसरल्यावर, ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरासाठी

कृष्णाकाठ
ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या पुरांनी निपाणी, चिकोडी, कागवाड, अथणी, रायबाग, गोकाक हा कर्नाटकातल्या बेळगाव जिल्ह्याचा सगळा पट्टा पाण्याखाली घेतला. राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक येतंय, हिडकल धरणाचे दरवाजे किती उघडले, आलमट्टी धरणाची पातळी कुठवर ठेवलीय, कल्लोळ-येडूर बंधारा बुडाला का, यावर आपल्याकडं तासन्‌तास बोललं जातं. ज्या घरातलं माणूस गेलं त्या घरासाठी शेजाऱ्यानं, पाव्हण्यानं, तरुण मंडळानं काय करावं हे मात्र कुणी लिहीत नाही. सांत्वनाला जायचं, थोडा वेळ बसायचं आणि उठायचं, एवढ्यावरच आपण थांबतो. त्या घराला त्याहून पुष्कळ काही लागतं, आणि त्यातलं बरंचसं पहिल्या आठवड्यातच लागतं.

ज्याला जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहा. किती वेळात, कोणता कागद, कुठं अडतं, का अडतं.

सुरुवात मीच करतो. पूर ओसरला की गावात पहिली घाई असते ती मृतदेह लवकर उरकायची, कारण साथ पसरेल ही भीती. ही भीती खरी नाही. पुरात गेलेलं माणूस बुडून किंवा मार लागून जातं, साथीच्या रोगानं नाही. रोगजंतू मृत शरीरात फार काळ टिकत नाहीत. धोका असतो तो देह हाताळणाऱ्याला, तोही कावीळ, जुलाब, क्षय यांचा आणि थोडाच. रबरी हातमोजे, गमबूट आणि नंतर साबणानं हात धुणं एवढ्यानं तो आवरतो. पुरानंतरची साथ येते ती गढूळ पाण्यातून आणि गळक्या नळांतून. पण त्या भीतीपोटी ओळख न पटवता अंत्यसंस्कार झाले, तर घरचे जन्मभर दाराकडं बघत राहतात.

वेदगंगा
दादा, ओळख पटवण्याचंच पुढं नेतो.

उष्ण हवेत चेहरा १२ ते ४८ तासांत ओळखण्यापलीकडं जातो. म्हणून देह सापडला की पहिलं काम फोटो, दुसरं नंबर. हलवण्याआधी सापडल्या जागी एक फोटो, मग चिखल पुसून चेहरा समोरून, दोन्ही बाजूंनी, पूर्ण देह, अंगावरचे कपडे आणि खुणा: गोंदण, ताईत, करदोटा, जोडवी, जुनी शस्त्रक्रिया, तुटलेला दात. प्रत्येक फोटोत नंबराची चिठ्ठी दिसली पाहिजे. तोच नंबर देहाच्या पायाला, तोच कपड्यांच्या पिशवीवर आणि तोच वहीत. चिठ्ठी पाण्यानं न पुसणारी हवी. कपडे आणि दागिने काढून वेगळीकडं ठेवले की सगळं बिघडतं. पुढं दोन देहांचे कपडे अदलाबदल होतात आणि मग कुणालाच खात्री देता येत नाही.

आपल्या भागातली खास अडचण म्हणजे नदीला महाराष्ट्र-कर्नाटकाची हद्द ठाऊक नाही. महाराष्ट्रातल्या कागल किंवा शिरोळ तालुक्यातून वाहून गेलेलं माणूस कल्लोळ, येडूर, मांजरी, कुडचीपर्यंत कुठंही लागू शकतं. म्हणून बेपत्ता झाल्याची तक्रार आपल्या ठाण्यात दिली की तिची प्रत घेऊन नदीच्या खालच्या प्रत्येक ठाण्यात जायचं, दोन्ही राज्यांत. फोनवर सांगून भागत नाही. कागदावर उंची, वय, बांधा, शेवटचे कपडे आणि खुणा लिहून द्या आणि पोच घ्या. मराठीत लिहिलेलं पलीकडच्या ठाण्यात वाचलं जात नसेल तर कन्नड लिहिता येणारा गावातला एक मुलगा सोबत न्या. त्या घरावर त्या दिवसांत याहून मोठा उपकार नाही.

घरच्यांना दाखवताना क्रम पाळा. आधी कपडे आणि वस्तू, मग फोटो, आणि त्यावरून जुळतंय असं वाटलं तरच देह. रांगेनं सगळे देह दाखवत नेऊ नका. मुलांना नेऊ नका. एकट्या बाईला किंवा एकट्या म्हाताऱ्याला पाठवू नका. नुसत्या चेहऱ्यावरून दिलेली ओळख चुकते, दुःखात तर हमखास, म्हणून एखादी पक्की खूण जुळली पाहिजे. नाही जुळली तर आई, वडील किंवा मुलाच्या रक्तावरून डीएनए तपासणी होते. तोवर थांबावं लागतं आणि ते थांबणं घरच्यांना कुणीतरी रोज जाऊन समजावून सांगावं लागतं.

कुन्नूरकर
तोवर देह ठेवायचा कुठं? तालुक्याला सोय नसते.

वेदगंगा
बेळगावला बिम्स या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या शवागारात. रस्ता बंद असेल तर कोरडा बर्फ (ड्राय आइस), एका देहाला दिवसाला साधारण १० किलो. तो देहावर ठेवायचा नाही, भोवती रचायचा. खोली हवेशीर हवी, कारण त्यातून कार्बन डायऑक्साइड निघतो. साधा बर्फ वापरू नका, तो वितळून सगळीकडं पाणी होतं आणि देह लवकर खराब होतो. काहीच मिळालं नाही तर तात्पुरतं दफन: १.५ मीटर खोल, पिण्याच्या पाण्यापासून किमान २०० मीटर लांब, प्रत्येक देह वेगळा, नंबराचा दगड वर. एकत्र खड्डा किंवा एकत्र दहन कधीही नाही.

दूधगंगा
कागदांचं मी लिहिते. हे रुक्ष वाटेल, पण पहिल्या चार दिवसांत राहिलेला कागद पुढं चार वर्षं छळतो.

सगळ्याचं मूळ पंचनामा. पुरातला मृत्यू हा अनैसर्गिक मृत्यू, त्यामुळं पोलीस यूडीआर, म्हणजे अनैसर्गिक मृत्यूचा अहवाल, नोंदवतात. पूर्वी फौजदारी संहितेचं कलम १७४ होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं १९४. मग शवविच्छेदन. इथं बहुतेक घरं ‘आता आणि चिरफाड नको’ म्हणतात, आणि गावातले चार शहाणे ‘राहू द्या, आपण परस्पर उरकू’ म्हणून त्यांना साथ देतात. असं करू नका. आपत्ती निवारण निधीतून मृतामागं ४ लाख रुपये मिळतात आणि त्यासाठी मृत्यूचं कारण अधिकृतपणे प्रमाणित झालेलं लागतं. विम्यालाही तेच लागतं. घरच्यांशी बोलायला मोठ्या आवाजाचा पुढारी नको. घरातला एक विश्वासाचा माणूस आणि डॉक्टर पुरे. किती वेळ लागेल, देह पूर्ण शिवून, झाकून मिळेल, चेहरा दिसेल, एवढं आधी सांगितलं की विरोध मावळतो.

पंचनाम्यात ‘पुराच्या पाण्यात वाहून’ किंवा ‘अतिवृष्टीनं भिंत कोसळून’ असे शब्द आहेत का ते सही करण्याआधी वाचून घ्या. नुसतं ‘पाण्यात पडून’ लिहिलं असेल तर तो आपत्तीतला मृत्यू धरायला पुढं अडचण येते. कन्नड वाचता येत नसेल तर वाचून दाखवायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

मृत्यूची नोंद २१ दिवसांच्या आत, जिथं मृत्यू झाला किंवा देह सापडला तिथं. २१ ते ३० दिवस उशीर-फी भरून, ३० दिवसांनंतर वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. देह दुसऱ्या तालुक्यात सापडला तर दाखला तिथून आणायचा असतो. हे न कळल्यानं माणसं आपल्याच पंचायतीत हेलपाटे घालतात.

नाव! सीमाभागात सगळ्यात जास्त इथंच अडतं. शाळेच्या दाखल्यावर एक, रेशनकार्डावर कन्नडमधून फिरून आलेलं दुसरं, आधारवर तिसरं, आणि घरात हाक मारायचं चौथंच. मृत्यू नोंदवायला जाणाऱ्याच्या हातात आधारची झेरॉक्स द्या आणि तीच अक्षरं उतरवून घ्या. चूक झालीच तर जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या कलम १५ खाली दुरुस्ती होते. दाखल्याच्या प्रती एकदमच आठ-दहा काढून ठेवा.

बोरगावचा_विद्यार्थी
ताई, विम्याचं थोडं सविस्तर सांगाल का? बऱ्याच घरांना विमा होता हेच माहीत नसतं.

दूधगंगा
बरोबर. पासबुक भिजलं असेल तर बँकेतून उतारा काढा आणि मे महिन्याच्या अखेरच्या ओळी बघा. २० रुपये कापले असतील तर प्रधानमंत्री सुरक्षा विमा, अपघाती मृत्यूला २ लाख, वय १८ ते ७०. पूर हा नैसर्गिक आपत्तीतला अपघात म्हणून त्यात धरला जातो. ४३६ रुपये कापले असतील तर जीवनज्योती विमा, तोही २ लाख, कारण कोणतंही असो, ५५ वयापर्यंत. दोन्ही असतील तर दोन्ही मिळतात. सुरक्षा विम्याचा दावा ३० दिवसांच्या आत शाखेत द्यायचा, सोबत पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, मृत्यू दाखला आणि वारसाचं खातं. तेराव्यापर्यंत कागदाला हात लावायचा नाही ही आपल्याकडची पद्धत. मग उरतात सतरा दिवस, त्यात दाखला मिळायचा असतो. म्हणून घरच्यांना न उठवता हे काम भावकीतल्या एकानं तिसऱ्या दिवशीच अंगावर घ्यावं.

मलप्रभा_खानापूर
घराबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. ऑक्टोबर २०२१ मध्ये बडाल-अंकलगी गावात भिंत कोसळून सात माणसं गेली. पुराचं पाणी शिरलेल्या, नाहीतर पावसानं महिनाभर भिजलेल्या घरात माणूस गेलं, की त्याच घरात दहा-तेरा दिवस पन्नास-पन्नास माणसं येऊन भिंतीला टेकून बसतात. हे थांबवलं पाहिजे.

भेंड्याची (कच्च्या मातीच्या विटांची) किंवा पांढऱ्या मातीची भिंत पायाशी ओली झाली की तिची वरचं ओझं पेलायची ताकद जाते. वर कौलं आणि वासे यांचा भार तसाच असतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा केला असेल तर आणखी वाईट. आतलं पाणी बाहेर पडत नाही आणि वरून भिंत कोरडी दिसते. ऊन पडलं म्हणजे धोका टळला असं समजू नका, पाऊस उघडल्यावरही भिंती पडतात. बघायच्या खुणा: कोपऱ्यातली उभी भेग, मधेच आलेला फुगा, तळाशी हातभर उंचीवर ओलीची रेघ, दार-खिडकी अचानक घट्ट होणं, माती झडणं. ओळंबा सोडून बघा. भिंत कललेली असेल तर आत कुणालाही बसवू नका. बैठक शाळेत, देवळात, समाजमंदिरात हलवा. अंगणात बसायचं असेल तर भिंतीच्या उंचीच्या दीडपट लांब. टेकू लावायचे तर बाहेरून, तिरके, खाली लाकडी फळी ठेवून, नाहीतर ओल्या जमिनीत ते रुततात. आणि हेस्कॉमच्या, म्हणजे वीज कंपनीच्या, लाइनमननं बघितल्याशिवाय त्या घरात मांडवाचा दिवा जोडू नका.

कृष्णाकाठ
हे फार महत्त्वाचं लिहिलंत. स्मशानाचंही कुणी सांगा. नदीकाठची शेड बुडालेली असते.

घटप्रभा_गोकाक
एका दहनाला साधारण ३०० ते ४०० किलो लाकूड लागतं, तेही वाळलेलं. ओल्या लाकडाची बरीच आच पाणी उडवण्यातच जाते, म्हणून धूर होतो आणि देह अर्धवट राहतो. घरच्यांना ते बघावं लागणं फार वाईट. डिझेल ओतून उपयोग नाही, वरचं भडकतं आणि गाभा तसाच राहतो. टायर तर घालूच नका. शेण्या (गोवऱ्या) उत्तम, कारण त्या सारख्या जळतात आणि उंचावर कोरड्या ठेवता येतात. कोल्हापुरात होळीला शेणीदान करून वर्षभराचा साठा करतात, तशी सोय आपल्या प्रत्येक नदीकाठच्या गावानं मे महिन्यातच माळावरच्या एखाद्या शेडमध्ये करावी. पत्र्याचे चार तुकडे आणि लोखंडी जाळी तिथंच ठेवली की शेड बुडाली तरी माळावर विधी होतो.

लिंगायत आणि मुसलमान बांधवांच्या दफनाचं वेगळं. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी भरतं आणि काळ्या मातीच्या कडा ढासळतात. मुरमाड, चढावरची जागा निवडा. काळ्या मातीतच करायचं झालं तर वरून रुंद, पायरी सोडत खणा आणि पाणी उपसायला छोटा पंप ठेवा. माती पुढच्या पावसात खचते, तेव्हा भर घालायला महिन्यानं कुणीतरी जा, घरच्यांवर सोडू नका.

सदलगा_वाचक
आणि देह सापडलाच नाही तर?

दूधगंगा
हे सगळ्यात कठीण. कायद्यानं सात वर्षं ठावठिकाणा नसेल तर मृत्यू गृहीत धरतात. पण मोठ्या आपत्तीत सरकार वेगळी वाट काढू शकतं. २०१३ आणि २०२१ मध्ये उत्तराखंडात बेपत्ता तक्रार, स्थानिक चौकशी, जाहीर सूचना आणि हरकतींना ३० दिवस देऊन मृत्यूचे दाखले दिले गेले. म्हणून बेपत्ता झाल्याची तक्रार पहिल्याच दिवशी झालेली असणं, आणि त्या माणसाला शेवटचं पाहणाऱ्यांचे जबाब त्यात असणं, याला फार किंमत आहे.

विधीबद्दल म्हणाल तर पळसाच्या पानांचा पुतळा करून दहन करायची जुनी रीत आपल्यात आहेच. फक्त घाई करू नका आणि उशीरही लादू नका. आई अजून वाट बघत असेल तर भावकीनं तारीख ठरवून तिच्या माथी मारू नये.

वेदगंगा
शोध थांबवला जातो तो दिवस घरच्यांना कुणीतरी समोर बसून सांगावा. वर्तमानपत्रातून कळू नये.

मार्कंडेय
मनाच्या बाजूनं लिहितो, मी त्याच क्षेत्रात काम करतो.

पहिल्या दिवसांत तीन गोष्टी: पाहा, ऐका, जोडून द्या. पाहा म्हणजे कोण जेवलं नाही, कोणाचं रक्तदाबाचं किंवा साखरेचं औषध पुरात गेलं, कोण एकटं कोपऱ्यात आहे. पाव्हणे रडणाऱ्याभोवती गोळा होतात आणि गप्प राहिलेल्याकडं कुणाचं लक्ष जात नाही. ऐका म्हणजे बोलायला लावू नका. ‘कसं झालं, कुठं होतात, हात सुटला कसा’ हे येणाऱ्या प्रत्येकानं विचारलं तर त्या माणसाला तेच दिवसातून वीसदा जगावं लागतं. काळजी केंद्रात, म्हणजे पूरग्रस्तांच्या सरकारी निवाऱ्यात, सगळ्यांना गोलात बसवून आपापला प्रसंग सांगायला लावायचा प्रकारही करू नका. एका बैठकीत असं बोलून घेतल्यानं फायदा होत नाही, काहींना त्रास वाढतो. भावकीतल्या एकालाच माहिती द्यायला बाहेर बसवा. ‘देवाची इच्छा’, ‘सुटला बिचारा’, ‘तुम्ही तरी वाचलात’ हे तिन्ही नको. नुसतं शेजारी बसा, पाणी द्या, कडू घास वेळेवर आणा. तिसऱ्या दिवसानंतर डबे बंद होतात, ते महिनाभर वार लावून चालू ठेवा.

मुलांना खरं सांगा, साध्या शब्दांत. ‘बाबा झोपलेत’ म्हटलं की मूल झोपायला घाबरतं, ‘गावाला गेलेत’ म्हटलं की वाट बघतं. आईबाप दोन्ही गेले असतील तर मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर कळवा आणि बालकल्याण समितीपुढं न्या. परस्पर कुणी ‘आम्ही सांभाळतो’ म्हणून नेऊ नये.

आणखी एक, शेतकरी घरांसाठी. फवारणीची औषधं त्या घरातून उचलून दुसरीकडं कुलपात ठेवा. न विचारता नाही, घरातल्या जाणत्या माणसाला सांगून. आत्महत्येचा विचार पुष्कळदा झटक्यात येतो आणि त्या क्षणी हाताशी विष नसलं तर माणूस वाचतो. झोप, भूक, दारू यांवर सहा महिने लक्ष ठेवा. सहा महिन्यांनंतरही दुःख जराही हललं नसेल, रोजची कामं बंदच असतील, तर तो उपचाराचा विषय आहे. टेली-मानस ही मानसिक आरोग्याची सरकारी हेल्पलाइन १४४१६ वर चोवीस तास आहे. पुढच्या वर्षी जुलैत पाऊस लागला की हे सगळं वर येतं, तेव्हा जाऊन या.

जत्राट_वाचक
मार्कंडेय सर, विधवा झालेल्या बाईचं लिहायचं राहिलं. ज्या दिवशी पुरात नवरा जातो त्याच दिवशी बांगड्या फोडायच्या, कुंकू पुसायचं. नदीपलीकडच्या हेरवाड ग्रामपंचायतीनं ४ मे २०२२ ला ठराव करून हे बंद केलं आणि महाराष्ट्र सरकारनं तो इतर पंचायतींपुढं ठेवला. आपल्या गावांनी का करू नये? ठरावाला खर्च नाही. आणि ठराव नसला तरी दहा बायका तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या तर कुणी हात लावत नाही.

मार्कंडेय
शंभर टक्के सहमत. मी लिहायला हवं होतं.

कुन्नूरकर
मदत वाटपाच्या फोटोंबद्दल मतं हवीत. देणगीदार पुरावा मागतात.

घटप्रभा_गोकाक
पुरावा पावतीचा द्या, सामानाच्या थप्पीचा द्या. माणसाचा कशाला? अनाथ झालेल्या मुलाची ओळख उघड करणं तर बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ खाली गुन्हा आहे.

सदलगा_वाचक
थोडा वेगळा विचार मांडतो. फोटो बंद केले की पुण्या-मुंबईकडून मदत आटते हेही खरं. पाठमोरे किंवा फक्त हातांचे फोटो, तेही विचारून, एवढं चालावं.

घटप्रभा_गोकाक
मृत्यू झालेल्या घरात तेही नको, एवढं माझं म्हणणं कायम. बाकी ठिकाणी तुमचं मान्य. जुने कपडे मात्र पाठवू नका. ते निवडायलाच माणसं गुंततात. त्यापेक्षा नवी अंथरुणं, आतले कपडे, सॅनिटरी पॅड, स्टोव्ह आणि दाखल्यांसाठी प्लॅस्टिकची चेनवाली पिशवी.

मलप्रभा_खानापूर
विहिरीचं एक. विहिरीत माणूस किंवा जनावर सापडलं असेल तर पूर्ण उपसा, कडा घासा, नवं पाणी येऊ द्या, मग ब्लीचिंग पावडर. पाणी मोजायचं सूत्र: व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली, सगळं मीटरमध्ये, गुणिले ७८५ म्हणजे लिटर. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी म्हणजे सुमारे २८,००० लिटर. हजार लिटरला २.५ ग्रॅम धरून ७० ग्रॅम, पाणी गढूळ असेल तर दुप्पट. तासानं क्लोरीन लिटरला अर्धा मिलिग्रॅम दिसलं पाहिजे, नाहीतर पुन्हा टाका. पावडर जुनी, गोळे झालेली असेल तर उपयोग नाही, तिच्यातला क्लोरीन उडालेला असतो. पाणी शुद्ध झालं तरी घरच्यांना त्या विहिरीचं प्यायचं नसेल तर आग्रह करू नका, वर्षभर शेजारच्या विहिरीवरून पाइप टाकून द्या.

बोरगावचा_विद्यार्थी
जनावरं गेलेल्यांनाही भरपाई असते ना?

दूधगंगा
असते. दुभत्या गाय-म्हशीला ३७,५००, बैलाला ३२,०००, शेळी-मेंढीला ४,०००, ठरलेल्या संख्येपर्यंत. पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांचा पंचनामा आणि कानातल्या बिल्ल्याचा फोटो. पुष्कळ माणसं गोठा सोडवायला परत गेली आणि बुडाली, म्हणून या वर्षी ज्यांच्या घरी म्हशी आहेत त्यांची नावं मंडळांनी आधीच लिहून ठेवावीत. कुणाची जनावरं कोण, कोणत्या माळावर नेणार हे पाणी रस्त्यावर यायच्या आधी ठरलं पाहिजे. एका म्हशीला दिवसाला २० किलोच्या आसपास उसाचं वाढं किंवा हिरवा चारा धरा.

जत्राट_वाचक
ताई, जमीन गेलेल्या माणसाच्या नावावर असेल तर?

दूधगंगा
नाडकचेरीतून, म्हणजे महसूल खात्याच्या स्थानिक कचेरीतून, वंशावळ आणि हयात वारसांचा दाखला, मग पौती खात्याचा, म्हणजे वारसांच्या नावावर जमीन करण्याचा, अर्ज. मुलींची नावं सोडून वंशावळ काढू नका, पुढं खटला होतो. विधवेचं नाव पहिलं घाला आणि कोऱ्या कागदावर तिची सही किंवा अंगठा कुणालाही घेऊ देऊ नका. पीकविमा, सोसायटीचं कर्ज आणि कारखान्याचं ऊसबिल या तिन्ही ठिकाणी मृत्यू दाखल्याची प्रत महिन्याच्या आत देऊन पोच घ्या, नाहीतर बिल जुन्या खात्यावर जाऊन अडकतं.